माकडताप आणि गोचीड: सत्तरीतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

काजूला मोहोर आला की आमच्याकडे, म्हणजे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, प्रश्न यायला लागतात. कोणी ग्रामसभेत विचारते, कोणी हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) भाटीवर, तर कोणी रात्री दहा वाजता फोन करून घाबऱ्या आवाजात सांगते, "पोराच्या कानामागे काळे काहीतरी चिकटले आहे." आम्ही वाड्यावरचे काही जण गेली काही वर्षे हे प्रश्न वहीत उतरवून ठेवत आलो. उत्तरे आरोग्य केंद्रातल्या लोकांकडून समजून घेतली आणि इथे एकत्र केली. घरात कोणाला आत्ता ताप असेल तर बाकीचे वाचत बसू नका. प्रश्न ७ वाचा आणि निघा.

१. माकडताप म्हणजे नेमके काय?

हा एका विषाणूमुळे होणारा ताप आहे. रानातली गोचीड चावली की तिच्यातला विषाणू माणसाच्या रक्तात उतरतो. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. तिथे १९५७ मध्ये माकडे धडाधड मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने पडू लागली. तेव्हा हा विषाणू सापडला. म्हणून डॉक्टर त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज किंवा केएफडी म्हणतात. तुमच्या केसपेपरवर ही तीन अक्षरे दिसली तर तो माकडतापच समजा.

२. इंटरनेटवर गोचीड शोधले की लाइम नावाचा आजार येतो. तो हाच का?

नाही. दोन्ही गोचिडीमुळे होतात, साम्य तेवढेच. लाइम हे अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातले गाव. १९७० च्या दशकात तिथल्या मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून आजाराला नाव पडले. त्याचे कारण बोरेलिया नावाचा जिवाणू. तो इक्सोडीस जातीच्या गोचिडी पसरवतात. बऱ्याच रुग्णांच्या कातडीवर पसरत जाणारे लाल वर्तुळ उठते आणि अँटिबायोटिकने आजार बरा होतो.

माकडताप विषाणूचा आहे, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तो पसरवणारी मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही वेगळी आहे. अंगावर वर्तुळ उठण्याची वाट पाहत बसलात तर दिवस फुकट जातील, कारण माकडतापात ते उठत नाही. भारतात लाइमच्याही तुरळक नोंदी झाल्या आहेत. पण सत्तरीच्या रानातून आलेल्या माणसाला ताप भरला तर आधी माकडताप आठवायचा.

३. गोव्यात हा आजार कधीपासून आहे?

गोव्यात तो पहिल्यांदा नोंदला गेला २०१५ मध्ये, सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात. पुढच्या वर्षी तालुक्यातल्या आणखी गावांत रुग्ण सापडले. त्याच २०१६ मध्ये आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातही साथ आली. त्याआधी २०१२-१३ च्या सुमारास बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडकडे तो दिसला होता. नकाशावर ही सगळी नावे सह्याद्रीच्या एकाच रांगेच्या आसपास सापडतील. राज्यांच्या सीमा आपण आखल्या, रान सलगच आहे.

४. हा ताप काजूच्या हंगामातच का येतो? पावसात का नाही?

याचे उत्तर गोचिडीच्या आयुष्यात आहे. ते कळले की बाकीची अर्धी काळजी आपोआप घेतली जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोठ्या, पूर्ण वाढलेल्या गोचिडी पावसाळ्यात गुरांच्या आणि रानातल्या मोठ्या जनावरांच्या अंगावर पोट भरतात, मग जमिनीवर पडून अंडी घालतात. पाऊस ओसरला की अंड्यांतून सहा पायांची खसखशीएवढी पिल्ले निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, पाखरे, माकडे यांच्या रक्तावर वाढतात. कात टाकून आठ पायांची होतात तेव्हा डिसेंबर-जानेवारी आलेला असतो. या मधल्या अवस्थेतली गोचीड माणसाला सर्वांत जास्त चावते. पिल्लू असताना तिने विषाणू घेतला असेल तर कात टाकल्यावरही तो तिच्या अंगात राहतो.

आता याच्या शेजारी आपले पंचांग ठेवा. डिसेंबरनंतर गवत वाळते, पाचोळा साठतो, आपण जळणाची फाटी आणायला जातो. फेब्रुवारी-मार्चपासून काजू गोळा करायला घरातली बायकामुलेसुद्धा सकाळपासून बागेत वाकलेली असतात. गोचीड पाचोळ्यात बसलेली आणि आपला हात त्याच पाचोळ्यात. मे महिन्यापर्यंत हे चालते, पाऊस पडला की ताप ओसरतो.

५. नाव माकडताप आहे, तर माकडाकडूनच होतो ना? मग माकडे हाकलून लावली तर?

माकड आपल्यासारखेच बळी आहे. काळतोंड्या वानराला आणि लाल तोंडाच्या माकडाला हा विषाणू फार बाधतो, ती मरतात. विषाणू रानात टिकून राहतो तो गोचिडी आणि उंदीर-चिचुंद्रीसारख्या लहान जनावरांत. माकडे मारली किंवा पळवून लावली तरी आजार जाणार नाही. उलट माकड मेल्याची बातमी ही आपल्याला मिळणारी पहिली सूचना असते. माकड मेलेले दिसले तर काय करावे, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. गोचीड ओळखायची कशी? आम्हांला तर ढेकूण, पिसू, गोचीड सगळे सारखेच दिसते.

पिसू उड्या मारते, ढेकूण चावून पळतो. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, पळत नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्यावर पुढचे पाय उचलून वाट पाहत बसते आणि कोणी घासून गेले की त्याला धरते. मग अंगावर हळूहळू चढत कोपरा शोधते: काख, जांघ, कमरेची नाडी, गुडघ्यामागे, कानामागे, मुलांच्या केसांत. तिथे तोंड रुतवून बसते. चावताना दुखत नाही, म्हणून कळत नाही. गुरांच्या कानात फुगलेल्या करड्या वाटाण्यासारख्या दिसतात त्या जेवलेल्या गोचिडी. माणसाला चावणारी बहुतेक वेळा तिळाएवढी असते, बघताना तीळच वाटतो. नवा तीळ दिसला आणि त्याला पाय असले, तर ती गोचीड.

७. लक्षणे काय? आणि डॉक्टरकडे कधी जायचे?

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम ताप भरतो. थंडी वाजते, डोके फुटेल असे दुखते, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात. नंतर उलट्या, जुलाब, फार अशक्तपणा. काहींना हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाते. रानात किंवा काजूत गेलेल्या माणसाला असा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता वाळपईच्या सरकारी केंद्रात किंवा तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा. रक्त जात असेल, माणूस बडबडत असेल किंवा उठवत नसेल तर थेट १०८.

आणि तिथे गेल्यावर पहिले वाक्य हे बोला: "मी रानात गेलो होतो."

हे वाक्य मी इतक्या आग्रहाने का लिहितो, ते सांगतो. माझ्या काकीला मार्चमध्ये ताप आला. आम्ही तिला एका खासगी दवाखान्यात नेले. प्लेटलेट कमी निघाल्या, डेंग्यू धरून उपचार सुरू झाले. काजूत जाते का, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. काजूत तर सगळेच जातात, त्यात सांगायचे काय, असे वाटले. पाचव्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त आले तेव्हा धावपळ झाली. काकी वाचली, आज हिंडते-फिरते आहे. पण ते चार दिवस मला अजून टोचतात. डॉक्टरला रान दिसत नसते, ते आपणच सांगायचे असते. कोणत्या वाड्याकडचे रान, कोणत्या तारखेला गेलो, तिथे माकड मेलेले ऐकले का, अंगावर गोचीड सापडली होती का, एवढे सगळे सांगा.

८. डेंग्यू की माकडताप, हे आम्ही घरी ओळखू शकतो का?

नाही, आणि प्रयत्नही करू नका. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत, दोन्हींत ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी. शिवाय गोव्यात स्क्रब टायफसही सापडतो. तो झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो, चावल्याच्या जागी कधी काळी खपली धरते आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने तो चांगला बरा होतो. म्हणजे तपासणी वेळेवर झाली तर तापाचे कारण सापडून सोपा उपाय मिळण्याचीही शक्यता असते. तपासणीचे प्रश्न १३ मध्ये पाहा.

९. काजू हीच आमची वर्षाची कमाई. बागायत पावणीत (लिलावात) घेतली आहे, पैसे भरले आहेत. रानात जाऊ नका म्हणणे सोपे आहे. आम्ही काय करायचे?

खरे आहे. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हापासून आम्ही "जाऊ नका" म्हणणे सोडून दिले. जा, पण तयारीने जा.

निघताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, पायांत गमबूट किंवा मोज्यांत खोचलेल्या पायघोळ्या. कपडे फिक्या रंगाचे घ्या, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. बायका साडीवर किंवा नायटीवर काजू वेचायला जातात, त्यांनी आतून लेगिंग किंवा सलवार घालून ती मोज्यांत खोचावी. उकाड्यात त्रास होतो, आम्हीही तो सोसतो. हातापायांना आणि मानेला आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-रोधक तेल लावा. डीएमपी आणि डेपा ही नावे तुम्ही ऐकली असतील. डेपा आपल्याच संरक्षण संशोधन संस्थेने, डीआरडीओने, तयार केले आहे. किती तासांनी पुन्हा लावायचे ते बाटलीवर वाचा. डोळ्यांना आणि जखमेला लावू नका, घरी आल्यावर धुऊन टाका.

बागेत पाचोळ्यावर बसून शिदोरी सोडू नका. दगडावर बसा किंवा प्लास्टिक अंथरा. लहान मुलाला झाडाखाली चादर टाकून झोपवणे तर बंदच करा. आम्ही हे दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी पोटात गोळा येतो. झाडाखालचा पट्टा हंगामाआधी साफ करून घेतलात तर काजूही पटकन दिसतात आणि गोचिडींना लपायला जागाही उरत नाही.

घरी परतल्यावर कपडे दारातच उतरवा, खाटेवर टाकू नका. कढत पाण्यात भिजवा. गरम पाण्याने साबण लावून अंग चोळून आंघोळ करा आणि एकमेकांचे अंग तपासा. प्रश्न ६ मधले कोपरे आठवा. मोबाइलची बॅटरी लावून मुलांच्या केसांत बघायला दोन मिनिटे लागतात. फाट्यांची मोळी घरात आणू नका, अंगणाच्या कडेला उन्हात टाका. गोठ्यात घालायला रानातला पाचोळा आणत असाल तर या महिन्यांत तो टाळा, त्याच्याबरोबर गोचिडी थेट दारात येतात.

भाटकारांना (जमीनमालकांना) आणि बागायत घेणाऱ्यांना एक विनंती: खानापूर, बेळगावकडून मजूर आणता तेव्हा तेलाची बाटली आणि मोजे तुमच्याकडून द्या. मजूर हंगाम संपवून गावी गेला आणि तिथे तापला, तर तिथल्या डॉक्टरला सत्तरीचे रान माहीत असण्याचे कारण नाही. त्याला निघताना सांगून पाठवा, प्रश्न ७ मधले वाक्य पाठ करून घ्या.

१०. अंगावर गोचीड सापडली. केरोसीन लावू की काडीने चटका देऊ?

दोन्ही नको. तंबाखू, चुना, नेलपॉलिशही नको. टोकदार चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिचे तोंड धरा आणि सरळ वर हळूहळू ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. चिमटा नसेल तर बोटांना प्लास्टिक किंवा कागद गुंडाळून तसेच करा. निघालेली गोचीड नखाने चिरडू नका, चिकटपट्टीत बंद करा किंवा स्पिरिटमध्ये टाका. जागा आणि हात साबणाने धुवा. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर सुईने उकरत बसू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. मग तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

११. चावली, काढली, पण ताप नाही. रक्त तपासून घेऊ का?

ताप नसताना तपासणीचा उपयोग नाही. प्रत्येक गोचिडीत विषाणू नसतो, बहुतेक चाव्यांतून काहीच होत नाही. दोन आठवडे अंगावर लक्ष ठेवा. ताप आला तर कॅलेंडरवरची तारीख घेऊन केंद्रात जा. कोणी सांगेल की गोचीड चोवीस तास चिकटली नसेल तर धोका नाही. तो हिशेब लाइमच्या बाबतीत मांडलेला आहे, माकडतापाला लावू नका. दिसली की लगेच काढा.

१२. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) मेलेले माकड पडले आहे. आमच्याकडे मारुतीराया मानून त्याला माती देतात. देऊ की नको?

श्रद्धा कळते, आमच्याही घरी तीच आहे. पण हात लावू नका. माकड मेले की त्याचे अंग थंड पडते आणि त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. फुले वाहायला जमलेले दहा जण त्याच पाचोळ्यावर उभे असतात.

लांबून जागा लक्षात ठेवा, कुत्री आणि मुले तिकडे जाऊ देऊ नका आणि लगेच वन खात्याला, आरोग्य केंद्राला किंवा निदान पंचाला कळवा. पशुवैद्य पूर्ण संरक्षक पोशाखात येऊन नमुने घेतात, मग माकडाची रीतसर विल्हेवाट लावली जाते आणि त्या जागेभोवती ५० मीटरच्या परिघात मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. नमस्कार करायचा तर तो लांबूनच करावा. माकड सडलेले असले किंवा हाडेच उरली असली तरीही कळवा, गोचिडी तिथेच असू शकतात.

१३. रक्ताची तपासणी कुठे होते?

सरकारी केंद्रातूनच नमुना जातो. हा विषाणू हाताळायला खास सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, कोपऱ्यावरच्या लॅबचे हे काम नाही. तापाच्या पहिल्या दिवसांत पीसीआर करतात, त्यात विषाणू सापडतो. काही दिवस उलटल्यावर रक्तातली प्रतिपिंडे पाहतात, ती आयजीएम चाचणी. म्हणून ताप कितव्या दिवसाचा आहे हे नीट सांगा. पुन्हा रक्त मागितले तर कुरकुर करू नका, चुकीच्या दिवशी केलेली एक चाचणी पुरेशी नसते.

१४. औषध आहे का? माणूस वाचतो का?

विषाणूला मारणारे खास औषध नाही. तरी बहुसंख्य माणसे एक-दोन आठवड्यांत बरी होतात. शंभरातले साधारण ३ ते ५ रुग्ण दगावतात. इस्पितळात सलाईन, रक्तदाबावर लक्ष, गरज पडल्यास रक्त देणे एवढेच करतात, पण वेळेवर झालेले एवढेच जीव वाचवते. गरज वाटली तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाठवतात. घरी पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा दुकानातली "अंगदुखीची गोळी" देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १० ते २० टक्के रुग्णांत ताप उतरतो, एक-दोन आठवडे बरे जातात आणि मग तो परततो. या वेळी डोके फार दुखते, हात थरथरतात, चक्कर येते, दिसायला अंधुक होते. बरा झाला म्हणून माणूस पुन्हा काजूत गेलेला असतो आणि घरच्यांना वाटते ऊन लागले. ऊन म्हणून सोडून देऊ नका, त्याच केंद्रात परत न्या.

१५. लस मिळते का?

सध्या नाही. कर्नाटकात १९९० पासून वापरात असलेली लस होती. तिचे एकाहून जास्त डोस आणि वरून बूस्टर घ्यावे लागत, तरी पूर्ण संरक्षण मिळत नसे. परिणाम घटल्यामुळे २०२२ मध्ये ती बंद झाली. आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था नव्या लशीवर काम करते आहे. तोवर मोजे, तेल आणि आंघोळ हेच आपल्या हातात आहे.

१६. शेजारच्या घरात रुग्ण आहे. जाऊ का? भांडी वेगळी ठेवू का?

जा. डबाही घेऊन जा. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. भांडी, कपडे, अंथरूण काहीच वेगळे करायला नको. २०१५ नंतर काही घरांकडे लोकांनी पाठ फिरवली होती, ते आठवले की वाईट वाटते.

१७. गुरांना गोचिडी असतात. दूध प्यायचे का? आणि कुत्रा?

दुधातून हा आजार पसरल्याचा पुरावा नाही. दूध उकळून प्या, तसे ते नेहमीच प्यावे. गुरांना स्वतःला माकडताप होत नाही, पण मोठ्या गोचिडींचे जेवण त्यांच्याच अंगावर होते, म्हणून रानात चरणाऱ्या गुरांमुळे गोचिडी वाढतात. पशुवैद्याला विचारून गोचिडीवरचे औषध वेळेवर द्या. कुत्रा रानातून आला की त्याचे कान आणि बोटांच्या फटी बघा, मगच घरात घ्या.

१८. इथल्या काजूगरांतून, बोंडांतून किंवा हुर्राकातून होतो का? गिऱ्हाईक विचारते.

नाही. गिऱ्हाइकाला बिनधास्त सांगा.

१९. आम्ही पणजीत राहतो. शिमग्याला मुलांना गावी आणावे का? रविवारी धबधब्यावर जातो, त्याचे काय?

आणा. देवळासमोरच्या अंगणात, रस्त्यावर, घरात धोका नाही. मुले आजोबांबरोबर काजूत जाणार असतील तर प्रश्न ९ त्यांनाही लागू. रानवाटेने फिरायला जाणाऱ्यांनी हाफ पँट घालू नये आणि वाटेच्या मधून चालावे. शहरात परतल्यावर पुढचे दोन आठवडे ताप आला तर तिथल्या डॉक्टरला सत्तरी हे नाव आवर्जून सांगा. पणजी-मडगावच्या रुग्णाच्या बाबतीत माकडताप कोणाच्या डोक्यात येत नाही.

२०. गावाचे नाव पेपरात आले तर काजू वेचायला माणूस मिळणार नाही, बागायत बंद करतील. मग माकड मेले तरी गप्प राहिलेले बरे नाही का?

हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण आम्हांला सर्वांत जास्त वेळा हाच कानात विचारला गेला आहे. विचारणारे वाईट लोक नाहीत, त्यांचे पोट त्यावर आहे.

कळवल्यावर काय होते ते आम्ही पाहिले आहे. माणसे येतात, भुकटी मारतात, ती एक जागा काही दिवस टाळायला सांगतात, घरोघर तापाची चौकशी करतात, तेल देतात. सगळी बागायत बंद पडत नाही. न कळवल्यावर त्याच झाडाखाली आठवडाभर माणसे काजू वेचत राहतात, आणि त्यांत बहुधा आपल्याच घरची असतात. नाव सांगायचे नसेल तर सांगू नका. वाडा कोणता, झाड कोणते, माकड कधी दिसले, एवढे पंचाला किंवा नर्सबाईंना कळवा. तेही अवघड वाटत असेल तर भाटीवर आम्हांला सांगा, आम्ही पोचवू.